‘ये की’ला जर्मनमध्ये काय म्हणतात?

वाचकांचे प्रश्न

यावेळी जर्मनवरचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात घेतेय. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मला येणाऱ्या पत्रांत नर्स, फिटर, इलेक्ट्रिशियन असे सगळे दिसायला लागलेत. आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकलीय, भाषेच्या परीक्षेच्या ए१, ए२ या पहिल्या पायऱ्या झाल्या, त्यापुढची बी१ आली, पुस्तक कळतं पण माणूस बोलला की कळत नाही.

मॅडम, मी मिरजेत एका हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. बी१ पास झाले, बी२ चालू आहे. क्लासमध्ये सांगितलं जर्मन सिरीयल बघा, म्हणून चार महिने रोज ड्युटीवरून आल्यावर एक एपिसोड बघते, इंग्लिश सबटायटल लावून. स्टोरी सगळी कळते पण सबटायटल बंद केलं की एक वाक्य धड कळत नाही. पुस्तकातलं सगळं येतं, मग असं का होतं? माझा कानच तसा आहे का? (मला अगं तुगं केलं तरी चालेल.)

तुझा कान चांगलाच आहे गं, चार महिने त्याला काम मिळालं नाही. खाली इंग्लिश सबटायटल पळत असलं की डोळा वाचत सुटतो, आणि ओळखीची लिपी वाचायला डोळ्याला काही कष्ट पडत नाहीत, त्यामुळं गोष्ट तुला इंग्लिशमधून कळत होती आणि जर्मन मागं नुसतं वाजत होतं, आपण भाजी चिरताना रेडिओ लावतो तसं. तेव्हा पहिलं काम, इंग्लिश सबटायटल आजपासून बंद. जर्मन आवाज आणि जर्मनच सबटायटल. आणि तेसुद्धा दुसऱ्यांदा बघताना, पहिल्यांदा काहीच लावायचं नाही.

इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. जर्मनीत परदेशी सिनेमा, सिरीयल सर्रास डब करून दाखवतात. आता अशी एखादी अमेरिकन सिरीयल तू जर्मन आवाजात लावलीस आणि खाली जर्मन सबटायटल लावलं तर दोन्ही बऱ्याचदा जुळतच नाहीत, कारण डबिंगचं भाषांतर ओठांच्या हालचाली बघून केलेलं असतं आणि सबटायटलचं जागा बघून, दोन वेगळ्या माणसांनी. मुलांना वाटतं आपल्याला ऐकू येत नाहीये. म्हणून मुळात जर्मनमध्येच बनलेलं काहीतरी घ्यायचं, आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचं सबटायटल मिळालं तर तेच लावायचं, ते बोललेल्या शब्दांच्या जास्त जवळ असतं.

आता पुस्तक येतं पण बोलणं कळत नाही याचं कारण. माझं स्वतःचं सांगते. मी पहिल्यांदा तिकडं गेले तेव्हा बी१ चांगल्या मार्कांनी झालेलं, बेकरीत ब्रेड मागितला, अगदी नीट वाक्य करून, आणि काउंटरवरची बाई म्हणाली, "ज़ॉन्स्ट नॉख वास?" मी तिच्याकडं बघतच राहिले, तिनं दोनदा विचारलं, मागं रांग. ती फक्त "अजून काही?" म्हणत होती. तीनही शब्द मला येत होते! पण मी ते कधी त्या वेगानं, एकाला एक चिकटलेले ऐकले नव्हते, कारण पुस्तकात तेच पूर्ण वाक्यात असतं, "तुम्हाला अजून काही हवं आहे का?" असं. बोलताना जर्मन माणूस "हाबन वीर" म्हणत नाही, ते "हामवा" होतं, "हास्ट डू"चं "हास्टं", "आयनन काफे"चं नुसतं "नन काफे". शब्दाच्या शेवटचा र तर गायबच होतो, "फाटर" लिहिलेलं असतं आणि ऐकू येतं "फाटा". आपणही असंच करतो की, "काय करत आहेस" असं सांगलीत कोण म्हणतं, "काय करालाईस" म्हणतो. परदेशातून मराठी शिकून आलेला माणूस "काय करालाईस" ऐकून जसा गोंधळेल तशीच तू गोंधळतेस, यात तुझ्या अभ्यासाचा दोष नाही.

मग करायचं काय, तर एपिसोड बघायचा नाही, सीन बघायचा. तीन मिनिटांचा. आपली सांगली नाट्यपंढरी, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, आपल्याला तालीम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तालमीत कुणी रोज नवं नाटक वाचत नाही, तोच प्रवेश परत परत. तसं कर. आधी सबटायटलशिवाय बघ आणि कुणाला काय हवंय, कोण कुणावर चिडलंय एवढं ओळख. मग जर्मन सबटायटल लाव आणि जिथं जिथं "अरे हे तर मला येतं, मग ऐकू का नाही आलं" असं वाटेल तिथं थांबव, ती वाक्यं वहीत लिही, डोळ्याला येणारी पण कानाला न आलेली, तुझी खरी वही ती, नवीन शब्दांची यादी नव्हे. त्यानंतर एक पात्र घे आणि त्याच्याबरोबर मोठ्यानं बोल, त्याच्याच वेगानं, त्याच्याच रागानं. घरचे काय म्हणतील याचा विचार करू नकोस. दुसऱ्या दिवशी तोच सीन परत सबटायटलशिवाय. नाइट ड्युटी करून आल्यावर पाऊण तासाच्या एपिसोडपेक्षा ही वीस मिनिटं जास्त उपयोगी पडतील, हे मी खात्रीनं सांगते.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. त्या सीनमध्ये तुला बारीक बारीक शब्द ऐकू येतील, डॉख, माल, या, देन, हाल्ट. डिक्शनरीत बघितलंस तर दहा अर्थ आणि एकही कळणार नाही. इंग्लिश सबटायटलमध्ये तर ते येतच नाहीत, त्यांच्याकडं त्यासाठी नेमका शब्दच नसतो म्हणून गाळून टाकतात. पण आपल्याकडं आहेत! मराठी माणसाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, फक्त ओळख करून द्यावी लागते. "झेट्स दिश डॉख" म्हणजे "बस की". "वार्ट माल" म्हणजे "थांब जरा". "दास इस्ट या श्योन" म्हणजे "छानच आहे की". "इस्ट हाल्ट झो", असतंय असं, काय करणार. आणि कुणी नकारात विचारलं, "येत न्हाईस व्हय?" तर आपण काय म्हणतो, "येतुय की!" तिथं जर्मन माणूस एकच शब्द म्हणतो, डॉख. इंग्लिशमध्ये तिथं यस म्हणावं का नो याचा गोंधळ होतो, आपल्याला होत नाही.

तुझ्या कामातलं बघ. पुस्तक शिकवतं "तुम्हाला वेदना कुठे आहेत" छापाचं वाक्य. पण वॉर्डमध्ये नर्स पेशंटजवळ वाकून म्हणते, "वो टूट्स देन वे?" यातला तो "देन" म्हणजे आपण म्हाताऱ्या आजोबांना "कुठं दुखतंय हो?" विचारतो त्यातला "हो". तो काढला तर प्रश्न बरोबरच राहतो पण माया जाते. तिकडं १९९८ पासून एआरडी वाहिनीवर ‘इन आलर फ्रॉइन्डशाफ्ट’ नावाची लाइपझिगमधल्या हॉस्पिटलची मालिका चालू आहे, तिचे सीन जिथं मिळतील तिथून घे, ड्युटी बदलताना कसं बोलतात, नातेवाइकांना कसं समजावतात, पेशंटला तुम्ही आणि सहकाऱ्यांना तू, हे सगळं त्यात आहे. तिकडची तू-तुम्हीची रेघ आपल्याइतकीच पक्की आहे, तेही इंग्लिशमधून शिकलीस तर कळणार नाही.

मधला इंग्लिशचा पूल काढून टाक, मी सगळ्यांना हेच सांगत असते. एक वाक्य बघ, "वाइल इश हॉइटं नाख सांगली फारं". शब्दाला शब्द ठेव, कारण मी आज सांगलीला जातोय. एक शब्द इकडचा तिकडं नाही! क्लासमध्ये पोरं "वाइल आलं की क्रियापद शेवटी" हा नियम घोकतात कारण ती मनात आधी इंग्लिश वाक्य करतात. मराठी कान शेवटच्या क्रियापदाची वाट बघायला जन्मापासून शिकलेला असतो. तो वापर.

मी तासगावचा, डिप्लोमा मेकॅनिकल झालंय. बी१ परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. सगळे म्हणाले म्हणून डार्क ही जर्मन सिरीयल बघायला सुरू केली, तीन एपिसोडमध्ये डोकं फिरलं. मोबाईलला रोज दीड जीबी डेटा असतो, पैसे भरून काही घ्यायची ऐपत नाही सध्या. फुकटात आणि उपयोगाचं असं काय बघू?

डार्क आत्ता ठेवून दे बाजूला. २०१७ ते २०२० चे तीन सीझन आहेत, मालिका उत्तम आहे, उच्चारही बऱ्यापैकी स्वच्छ आहेत, पण एकच माणूस तीन वेगळ्या काळात तीन वयांचा दिसतो, कोण कुणाचा कोण हे मराठीत सांगितलं तरी कागदावर लिहून घ्यावं लागेल. तुझं सगळं लक्ष नाती जुळवण्यात जाणार आणि भाषा राहून जाणार. बी१ ला गोष्ट सोपी पाहिजे.

डॉइचे वेले हे जर्मनीचं परदेशातल्या लोकांसाठीचं प्रसारण, त्यांचं सगळं शिकायचं साहित्य फुकट आहे आणि भारतात अडवलेलं नाही. ‘निकोस वेग’ तू ए१ ला बघितली असशील, स्पेनहून आलेल्या आणि बॅग हरवलेल्या पोराची गोष्ट, तिचाच बी१ चा भाग आहे तो कर. त्यानंतर ‘योयो झूख्ट दास ग्ल्युक’, ब्राझीलहून कोलोनला आलेल्या मुलीची छोट्या छोट्या भागांची मालिका, ती थोडी वरची आहे. आणि ‘टॉप-टेमा’, बी१ साठीच लिहिलेले छोटे लेख आणि त्यांचा ऑडिओ. ऑडिओला डेटा फार लागत नाही, वायफाय मिळेल तिथं डाउनलोड करून एसटीत ऐक, तासगाव-सांगली जाता येता एक लेख दोन-तीनदा सहज होतो. त्यांच्याच हळू वाचलेल्या बातम्या जवळजवळ रोज येतात मजकुरासकट, पण तो वेग खरा नसतो रे, तिथं आठवड्यापेक्षा जास्त रमू नकोस. त्याऐवजी ‘लोगो’ बघ, झेडडीएफ वाहिनीची लहान मुलांसाठीची बातम्यांची मालिका, १९८९ पासून चालू आहे, वेग खरा असतो पण अवघड शब्द आला की लगेच समजावून सांगतात.

आणि तू मेकॅनिकलचा, तुझ्यासाठी तर खजिना आहे, ‘दी झेंडुंग मिट देर माउस’. नाव उंदराच्या कार्यक्रमाचं, आहे मुलांसाठी, १९७१ पासून चालू, पण त्यात वस्तू कशी बनते ते दाखवतात, कारखान्यात नेऊन, एकेक पायरी. शांत आवाजात एक माणूस सांगत असतो आणि तो जे म्हणतो तेच पडद्यावर घडत असतं. स्क्रू, पत्रा, साचा, पट्टा, दाबणे, वळवणे, कापणे. किर्लोस्करवाडीत अप्रेंटिसशिप केलेल्या पोराला ते डोळे मिटून कळेल. शिवाय कर्मणी प्रयोग, "वितळवलं जातं, ओतलं जातं", जो पुस्तकात कंटाळवाणा वाटतो, तो तिथं आपोआप कानात बसतो. एकच आहे, जर्मन वाहिन्यांच्या स्वतःच्या साइटवरचे काही कार्यक्रम जर्मनीबाहेर उघडत नाहीत, त्यात वेळ घालवू नकोस, जे यूट्यूबवर आहे ते पुरेसं आहे. ‘ईझी जर्मन’ चॅनेल पण बघ, रस्त्यावरच्या माणसांना थांबवून प्रश्न विचारतात, मात्र त्यांच्या व्हिडिओत जर्मन आणि इंग्लिश दोन्ही ओळी असतात, खालची इंग्लिश ओळ कागदाच्या पट्टीनं झाकायची. खरंच पट्टी चिकटवायची मोबाईलला, माझे विद्यार्थी तसंच करतात.

परीक्षेचं सांगायचं तर मॅक्स म्युलर भवनच्या बी१ ला ऐकण्याचा पेपर साधारण ४० मिनिटांचा, चार भाग, त्यातले दोन भाग एकदाच वाजवतात, दोन दोनदा. तेव्हा शेवटचा महिना एक नियम कर, पहिल्यांदा ऐकताना थांबवायचं नाही, काहीही झालं तरी. एक शब्द सुटला म्हणून त्याच्या मागं लागलास की पुढची तीन वाक्यं जातात. चारही पेपर वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, म्हणजे ऐकण्यात राहिलं तर तेवढंच परत देता येतं, तेवढी धास्ती घेऊ नकोस.

मी साताऱ्याची, कॉलेजला आहे आणि गाण्याच्या क्लासला जाते. जर्मन गाणी पाठ करून भाषा येते का? आमचे सर म्हणतात गाण्यात ग्रामर चुकीचं असतं, नको.

सर म्हणतात ते काही अंशी बरोबर आहे, गाण्यात यमकासाठी शब्द मागंपुढं करतात, स्वर गिळतात, तेव्हा गाण्यातलं वाक्य उचलून निबंधात टाकू नकोस. पण उच्चारासाठी गाण्यासारखं काही नाही, आणि तू गाणं शिकतेस म्हणजे तुझा अर्धा रस्ता झालेला आहे. जर्मनमधला "यू"च्या डोक्यावर दोन टिंबं असलेला स्वर घे, तो मराठीत नाही. "ई" लांब धर, सा लावतेस तसा, आणि जीभ न हलवता ओठ तेवढे "ऊ"सारखे गोल कर. झालं. तसाच "ए" धरून ओठ गोल केले की दोन टिंबांचा "ओ". बोलताना हा स्वर क्षणात निसटतो, गाण्यात त्याच्यावर दोन मात्रा थांबता येतं, म्हणून गाण्यातच पक्का होतो.

निवडताना मात्र बघ. रॅप आत्ता नको. ज्यात गोष्ट आहे आणि गायक शब्द स्पष्ट टाकतो अशी घे. उडो युर्गेन्सचं न्यूयॉर्कला कधीच न गेलेल्या माणसाचं १९८२ चं गाणं आहे, घरातून सिगरेट आणायला बाहेर पडतो आणि जिन्यात उभा राहून विचार करतो की असंच निघून गेलो तर, पूर्ण गोष्ट आहे आणि शब्द न् शब्द ऐकू येतो. नेनाचं १९८३ चं ९९ फुग्यांचं गाणं तर सगळ्यांना माहीत आहे, ते मी आकड्यासाठी शिकवते. जर्मनमध्ये ९९ म्हणजे नऊ-आणि-नव्वद, २५ म्हणजे पाच-आणि-वीस, एकक आधी आणि दशक नंतर, आपल्या पंचवीससारखंच. इंग्लिश मीडियमची मुलं इथं कायम उलटं लिहितात. त्या गाण्याची इंग्लिश आवृत्तीही आहे पण तिचे शब्द मूळ गाण्याचं सरळ भाषांतर नाहीत, ती शेजारी ठेवून अर्थ लावायला जाऊ नकोस. डॉइचे वेलेवर ‘बांडटागेबूख’ म्हणून एक मालिका आहे, म्युनिकच्या आइन्सहोखझेक्स नावाच्या बँडची डायरी, हिप-हॉप आणि शास्त्रीय वाद्यं एकत्र वाजवतात, गाण्यांबरोबर त्यांची साधी बोलणीही ऐकायला मिळतात, ती तुला आवडेल.

गाणं पाठ झालं की एक काम कर, तेच शब्द चालीशिवाय, बोलल्यासारखे म्हण. चाल काढली की कुठले शब्द नुसते सुरावर तरंगत होते ते लगेच कळतं.

नमस्कार. मी सांगलीत राहतो, वय ७१, निवृत्त शिक्षक. मुलगा-सून स्टुटगार्टला असतात. नात सहा वर्षांची आहे, व्हिडिओ कॉलवर मराठी कळतं तिला पण बोलते जर्मनच. मी तिच्यासाठी ए२ पर्यंत शिकलो, तरी ती भरभर बोलली की समजत नाही आणि ती कंटाळून उठून जाते. या वयात ऐकणं सुधारेल का?

गुरुजी, नमस्कार. सुधारेल, आणि तुम्हाला सगळं जर्मन कळायची गरज नाहीये, एका सहा वर्षांच्या मुलीचं जर्मन कळायला हवं, ते खूप छोटं जग आहे.

आधी एक गोष्ट, तुम्हाला कळत नाही यात थोडा भाग तिथल्या बोलीचा असणार. स्टुटगार्टकडं श्वेबिश बोलतात, "इस्ट"चं "इश्ट" किंवा नुसतं "इश", "निश्ट"चं "नेट", आणि लहान वस्तू म्हटली की शेवटी "ले" लावतात, घर "हाउस" तर छोटं घर "हॉइसले". स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं १९९९ पासून स्वतःच्या जाहिरातीत अभिमानानं लिहिलं होतं, आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन सोडून. नात शाळेत हेच ऐकत असणार. सुनेला सांगून तिच्या तोंडी येणारे असे दहा-पंधरा शब्द लिहून मागवा.

मग तिला विचारा ती काय बघते, आणि तेच बघा. वर लिहिलेला उंदराचा कार्यक्रम ती बघतच असेल बहुतेक. त्याची एक गंमत, सुरुवातीला आज काय काय आहे ते जर्मनमध्ये सांगतात आणि लगेच तेच एका परक्या भाषेत, आणि मग ती भाषा कुठली होती ते सांगतात. तुम्ही दोघं ओळखायची पैज लावू शकता. दुसरं, ‘झांडमेनशेन’, १९५९ पासून रोज संध्याकाळी मुलांना झोपवायला येणारा वाळूवाला बाहुला, चार-पाच मिनिटांची गोष्ट सांगून जातो. तेवढीच गोष्ट तुम्ही दिवसभरात चार वेळा ऐका, जर्मन सबटायटल असलं तर लावून.

कॉलवर तिला काही समजावू नका, विचारा. "उंड वास इस्ट दान पासिअर्ट?" म्हणजे "आणि मग काय झालं?" हे एकच वाक्य नीट बसवा, शाळेत तुम्ही पोरांकडून पाढे बसवून घेत होता तसं. गोष्ट तुम्ही आधी ऐकलेली असेल त्यामुळं ती भरभर बोलली तरी कुठं आहे ते कळेल. आणि तुम्ही बोलताना मराठीत बोला, "अगं बाई! मग?" असं. तिला मराठी कळतं असं तुम्हीच लिहिलंय. तिकडची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असते, तेव्हा हिवाळ्यात तिच्या संध्याकाळच्या गोष्टीनंतर फोन करायचा तर तुम्हाला रात्री साडेअकरापर्यंत जागावं लागेल. रविवारी सकाळचं ठरवा, ती नाश्त्याला बसलेली असते तेव्हा तुमचं दुपारचं जेवण झालेलं असेल.